ओल्या मिरचीची मालगाडी

गेल्या आठवड्यापासून गावाला शिंका सुरू झाल्या आहेत. नंदुरबारात थंडी आली हे अंगावरच्या शालीवरून कळत नाही, नाकावरून कळतं. बाजार समितीच्या रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग लागते, रिक्षांच्या टपांवर गोण्या चढतात, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर मिरची वाळवायच्या पथाऱ्या लालभडक पसरतात. बाहेरगावचे लोक तिथे उतरून फोटो काढतात आणि डोळे चोळत गाडीत पळतात. आम्ही तोंडाला रुमाल बांधतो आणि कामाला लागतो. माझी मसाल्याची गिरणी आहे, कांडप आणि दळण दोन्ही. या दिवसांत मला श्वास घ्यायला सवड नसते, आणि घेतला तर खोकला येतो.

तरीही हंगामाची पहिली ओली मिरची रस्त्यावरून जाताना दिसली की माझ्या मुठी आवळल्या जातात. वळणावर समोरून ट्रक आला की मागे बसलेल्या माणसाचाही पाय ब्रेक शोधतो, तसं काहीसं. मिरचीचे हंगाम मी पुष्कळ पाहिले. पावसाने पथाऱ्या भिजलेल्या पाहिल्या, भाव चढलेले आणि पडलेले पाहिले. पण मुठी आवळल्या जातात त्या एकाच हंगामामुळे, आणि त्याचं कारण एक खेळण्यातली आगगाडी. खेळण्यातली म्हटलेलं माझ्या नवऱ्याला चालत नाही. छोटी म्हणायचं.

मी त्यांना ‘अहो’ म्हणते. लिहिताना दिलीपराव म्हणते, सोयीचं पडतं. दिलीपराव मालगाडीवर गार्ड होते. सुरत-भुसावळ मार्गावर त्यांची सारी नोकरी गेली. गार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात एकटा बसणारा माणूस. पुढे कोळसा, सिमेंट, गहू काय भरलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही, त्याने फक्त आपल्या पुढची सगळी गाडी नीट चालली आहे ना, हे बघत राहायचं. बघत राहणं हाच ज्याचा धंदा, त्याची लांबची नजर गेली. तपासणीत नापास झाले, गाडीवरून उतरवले गेले, काही वर्षं टेबलावर कागद हलवले आणि निवृत्त होऊन घरी आले.

घरी आले आणि खुर्चीत बसले. मला वाटलं, थकलेत, बसू द्या. आधी बोलणं कमी झालं. मग भूक कमी झाली. मग आंघोळ दुपारवर गेली. गिरणीत बसवून पाहिलं, तर गिऱ्हाईक डबा घेऊन उभं आणि हे त्याच्या पलीकडे कुठेतरी बघतायत. आमचं घर रुळांपासून लांब नाही. मालगाडी गेली की खिडक्यांची तावदानं वाजतात. पूर्वी जेवता जेवता दिलीपराव हाताची बोटं मिटत डबे मोजायचे आणि शेवटी ‘पूर्ण’ म्हणायचे. एक दिवस माझ्या लक्षात आलं, तावदानं वाजतायत आणि बोटं हलत नाहीत. मी सहजी घाबरणाऱ्यातली नाही. त्या दिवशी घाबरले.

यातून त्यांना बाहेर काढलं ते युवराजभाऊंनी, आणि तेही चुकून. युवराजभाऊ म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. मोटारीच्या चाकांचं बॅलन्सिंग करायचं दुकान आहे. आवाज इतका मोठा की समोरच्या फुटपाथवरचा माणूस ‘काय?’ म्हणून थांबतो. त्यांनी नातीसाठी रूळ, इंजिन आणि चार डबे असा संच आणला, नातीने बाहुलीच पाहिजे म्हणून भोकाड पसरलं, आणि तो खोका आमच्याकडे आला. “वहिनी, हाई ठी लेवा तुमनाकडे,” म्हणाले. “घरमा बाई नाराज, पोरगी नाराज, आते तुम्ही तरी खूश व्हा!”

मी खोका माळ्यावर टाकणार होते. दिलीपरावांनी तो उघडला. संध्याकाळी जेवायला हाक मारली तर म्हणाले, “थांब, हा तिसरा डबा रुळावरून उतरतोय.” घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला थांबायला सांगितलं होतं. मी पोळ्या झाकून ठेवल्या.

पुढे ते वाढतच गेलं. उन्हाळ्यात पारसशेठच्या मिरचीच्या गोदामाचा वरचा मजला रिकामा असतो. पत्र्याचं छप्पर, लांबच लांब फळ्यांची जमीन, मधोमध एक जाड खांब. शेठने हंगाम येईपर्यंत तो वापरायला दिला. प्लायवूडची टेबलं जोडली गेली. रूळ भिंतीकडेने पळाले, थोडे चढले, खांबाला वळसा घालून एका पुलावर गेले आणि परत आले. इंजिन विकतचं, डबे मात्र दिलीपरावांनी प्लास्टिकच्या पत्र्यातून स्वतः कापून चिकटवले. आणि मग एक दिवस म्हणाले की खऱ्या मालगाडीला जेवढे डबे असतात, तेवढेच जोडायचे. एकही कमी नाही.

इथून खरी डोकेदुखी सुरू झाली. चार डब्यांची गाडी कुणीही चालवतं. गाडी लांब झाली की डब्याचं वजन त्याचं एकट्याचं राहत नाही, पुढच्या-मागच्या सगळ्यांचा त्यात संबंध येतो. दिलीपरावांनी मला हे सुतळी धरून समजावलं. सरळ रुळावर काही होत नाही. वळणावर पुढून इंजिन ओढतं, मागून शेपटीचा भार ओढून धरतो, आणि मधली गाडी ताणलेल्या सुतळीसारखी सरळ व्हायला बघते. वळणावर सरळ व्हायचं म्हणजे आतल्या बाजूला झुकायचं. त्यात जो डबा हलका असेल तो बाहेरचा रूळ सोडतो आणि आत कलंडतो. इंजिनाजवळच्या डब्यांवर ओढ सगळ्यात जास्त, म्हणून तिथे हलका डबा म्हणजे अपघात ठरलेला.

“मग सगळे जड करा,” मी म्हटलं.

“मग इंजिन चढावर चाकं घासत उभं राहील.”

“मग?”

“मग सगळे सारखे. फार जड नाही, फार हलके नाही, पण सारखे.”

युवराजभाऊंनी दुकानातून चाकांना लावायच्या शिशाच्या पट्ट्या आणल्या. त्या डब्यांच्या पोटात चिकटवायच्या आणि डबा काट्यावर ठेवायचा. काटा माझा, गिरणीतला मसाल्याचा. तो वर गेला तो परत आलाच नाही. मी हळद मोजायला शेजारच्या किराणा दुकानात जात होते आणि तिथला माणूस विचारत होता, “काकू, काटा बिघडला का?” मी म्हणायचे, “काटा रेल्वेत लागला.”

दिवाळी झाली आणि शेठ वर आले. पारसशेठचं घराणं राजस्थानातलं, पण इथे पिढ्या गेल्या. अहिराणी आमच्यापेक्षा सफाईदार बोलतात. व्यवहाराचं असेल तेव्हा मात्र हिंदीत शिरतात, आणि ते हिंदीत शिरले की समजायचं, आता सूट नाही.

“दिलीपभाऊ, औंदा माल भलता शे. माळा लागी माले.”

“शेठ, एका बाजूला गोण्या लावा. अर्धा मला राहू द्या.”

“नि तठे काय करशात?”

युवराजभाऊ पुढे सरसावले. “शेठ, आख्खी मालगाडी चालाडीसन दखाडतस तुमले! खरी जशी, तशी!”

शेठ टेबलाभोवती एक चक्कर मारून आले. पुलाखाली वाकून पाहिलं. मग म्हणाले, “ठीक है. पूजा के दिन, पहली बोरी चढ़ने से पहले, मेरे सामने तीन चक्कर. ना गिरे, ना रुके. चल गई तो आधा माळा आपका. नहीं चली तो शाम तक खाली.”

ते जिना उतरले. दिलीपराव तिथेच उभे राहिले, इंजिनावर हात ठेवून. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या डोळ्यांसमोर घरातली ती खुर्ची आली. बायकांना नवऱ्याची काळजी कशी वाटते यावर लोक बरंच काही लिहितात. माझी काळजी साधी होती. हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत बसला तर मला त्याला उठवता येणार नाही, एवढंच मला माहीत होतं.

हंगामाच्या मुहूर्ताची पूजा काही दिवसांवर आली तेव्हा युवराजभाऊंना कल्पना सुचली. “शेठले आपली मिरची डबामा दिसनी का खूश व्हई जातीन!” इंजिनामागचे डबे, जे शेठच्या नजरेला पहिले पडणार, ते ओल्या लाल मिरचीने भरायचे. कोळसा कशाला, नंदुरबारची गाडी आहे. कल्पना तिघांनाही पसंत पडली. मी पथारीवरून ताजी मिरची आणली, आम्ही कात्रीने तिचे बारीक तुकडे केले. दिलीपरावांनी विसरून डोळ्याला हात लावला आणि नळाखाली डोकं घालून बसले. युवराजभाऊ म्हणत होते, “आते तर सिग्नल आख्खा लालच दिसी ऱ्हायना व्हई तुले!” आणि डोकं नळाखाली असतानाच दिलीपराव हसले. मिरची भरली तेवढं शिसं त्या डब्यांच्या पोटातून काढलं. एकेक डबा काट्यावर ठेवून बाकीच्यांइतकाच भरेल असा बेतला.

त्या संध्याकाळी गाडी चालली. इंजिन, मागे तांबडे ओले डबे, मागे कोळशाच्या काळ्या रंगाचे, शेवटी गार्डचा छोटा डबा. ती खांबाला वळसा घालून पुलावर गेली तेव्हा शेपूट अजून भिंतीकडेलाच होतं. रुळांचा बारीक किर्र आवाज, पत्र्याखालची ऊब, नाकात झोंबणारा तो वास. दिलीपराव बोटं मिटत होते. शेवटचा डबा गेला तेव्हा म्हणाले, “पूर्ण.” मी खाली उतरले, गिरणीवर गेले आणि रात्रीपर्यंत दळत बसले.

मधले दिवस माळा बंद राहिला. मला गिरणीतून हलता येत नव्हतं, आणि ते दोघे युवराजभाऊंच्या बहिणीकडे कळसाडीला लग्नाला गेले. कापूस वेचायचे दिवस, ऊस तोडायला आलेला, घरात पाहुणे, दोघांना लवकर सुटता आलं नाही. पत्रा दिवसभर तापत होता. डबे भरलेले, गाडी जोडलेली, सगळं तयार. तयार असलेल्या गोष्टीकडे कोण बघतं?

पूजेच्या सकाळी दिलीपरावांनी पांढरा शर्ट घातला, इस्त्रीचा. खाली गोदामाच्या दारात तोरण बांधणं चाललं होतं. डोंगरातून, काठी गावाच्या बाजूने मिरची निवडायला आलेल्या बायका पायऱ्यांवर बसून देठ खुडत होत्या आणि आपल्या बोलीत काही सांगून हसत होत्या. आम्ही वर गेलो. एकदा चालवून बघू, एवढंच.

गाडी निघाली, खांबाच्या वळणाला लागली, आणि इंजिनामागचा तिसरा डबा आत कलंडला. मागचे दोन त्याच्यावर चढले.

“रूळ,” दिलीपराव म्हणाले. वाकले, सांध्यावरून बोट फिरवलं, फडक्याने पुसलं. डबे उभे केले. पुन्हा सोडली. पुन्हा तिथेच, या वेळी चौथा. त्यांनी वेग कमी केला. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि खालून घंटेचा आवाज येऊ लागला होता. मी मोठ्या माणसांना कामात चुकताना पाहिलं आहे, मला त्याचं काही वाटत नाही. पण दिलीपरावांचा चेहरा हळूहळू बंद होत चालला होता, एकेक खिडकी लावून घेतल्यासारखा, आणि ते मला बघवत नव्हतं.

युवराजभाऊंनी वैतागून पडलेला डबा उचलला आणि हलवला. डबा खुळखुळला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा हलवला. मिरचीचं बी वाजत होतं, कोरडंठाक. युवराजभाऊंनी डबा कपाळावर मारून घेतला. “आरे देवा! सुकाई गयी! नंदुरबारमा जन्मनूत, नि ओली मिरची तोलीसन बठनूत!”

हसण्यासारखंच होतं. या गावात ओली मिरची वाळली की किती उरते हे पाळण्यातल्या पोरालाही सांगता येईल. शेठचा अख्खा धंदा त्या हिशेबावर उभा आहे, माझी गिरणी त्याच्यावर चालते. आणि आम्ही तिघांनी ग्रॅमपर्यंत वजन जुळवून ओली मिरची तापल्या पत्र्याखाली ठेवून दिली होती. डबे दिसायला तसेच होते, तांबडेलाल, उलट जास्तच देखणे. आत काही उरलं नव्हतं. आणि नेमके तेच इंजिनाजवळ, जिथे ओढ सगळ्यात जास्त.

शिसं चिकटवायला वेळ नव्हता. मी म्हटलं, “मागे लावा. शेपटीला. तिथे ओढ नाही ना?”

दिलीपरावांनी माझ्याकडे पाहिलं. “नाही. म्हणजे कमी.”

आम्ही कामाला लागलो. मिरचीचे डबे सोडवायचे, टेबलाला वळसा घालून मागे न्यायचे, एकेकाची आकडी जुळवायची. माझी बोटं जाड, आकड्या मोहरीएवढ्या. खाली आरती सुरू झाली. मिरचीचे डबे मागे लागले आणि दिलीपरावांनी त्यांच्यामागे गार्डचा डबा जोडला. तो त्यांनी सगळ्यात आधी केला होता, हौसेने, पितळेचा, बाकीच्यांपेक्षा जड.

“काढ तो!” युवराजभाऊ म्हणाले. “हलका डबास्ना मांगे जड डबा? पडी जाई! एवढी येळ बिना गार्डनी चालाड!”

“गार्डशिवाय गाडी सुटत नाही.”

“आरे, हाई काय खरी गाडी शे का?”

दिलीपरावांनी आकडी अडकवली. डबा राहिला. मी मध्ये पडले नाही. मला कळत होतं की युवराजभाऊ बरोबर आहेत, आणि हेही कळत होतं की तो डबा काढला तर या माणसाला गाडीत जागाच उरत नाही.

शेठ वर आले, कपाळाला गंध, हातात प्रसादाची वाटी. भिंतीला टेकून उभे राहिले. “चालाडा मंग.”

दिलीपराव खांबाच्या वळणाशी उकिडवे बसले, डोळे रुळांच्या पातळीत, वेगाचं बटण हातात. लांबचं दिसत नाही, जवळचं अजून चांगलं दिसतं. गाडी निघाली. पुढचे जड डबे वळण नीट घेऊन गेले. मिरचीचे डबे आले, थरथरले, गेले. पहिली फेरी. युवराजभाऊ आयुष्यात पहिल्यांदा गप्प होते. दुसरी फेरी. शेठची वाटी हातात तशीच तिरकी, त्यातली साखर सांडत होती. मी फक्त गार्डच्या डब्याच्या पुढचा डबा बघत होते. वळणावर तो प्रत्येक फेरीत किंचित जास्त झुकत होता, किंवा मला तसं वाटत होतं.

तिसरी फेरी. इंजिन पूल ओलांडून पलीकडे गेलं, गाडीचं मधलं अंग पुलावर आलं. शेपूट वळणात. आता एवढंच राहिलं होतं.

दिलीपरावांनी बटण बंद केलं.

गाडी जागेवर थांबली. शेवटून दुसरा डबा आत कललेला, त्याची बाहेरची चाकं रुळाच्या वर उचललेली, कागद सरकवता येईल एवढी. पडला नव्हता.

“काय करं तू!” युवराजभाऊ ओरडले. “गयीच व्हती ना! दोन हात ऱ्हायनं व्हतं!”

“रुक गई,” शेठ म्हणाले.

“थांबवली,” दिलीपराव म्हणाले. ते अजून उकिडवेच होते. “चाक उचललं होतं. मधली गाडी पुलावर आहे. हा पडला असता तर सगळी खाली ओढली असती.”

शेठनी वाकून ते उचललेलं चाक बघितलं. नीट, बराच वेळ. मला वाटलं, आता अहिराणीत काही बोलतील. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाले, “शर्त तो शर्त है, भाऊ.” मग खिडकीतून खाली हाक दिली आणि कप्पीवरून पहिली गोणी वर येऊ लागली.

मी दिलीपरावांकडे बघायचं टाळत होते. बघितलं तेव्हा ते उठून शेठच्या समोर उभे होते. “तुमचा खांब,” ते म्हणाले. “चूक तुमच्या खांबाची आहे. त्याच्यामुळे वळण आवळलं. खांब नसता तर हीच गाडी डोळे मिटून गेली असती.”

“खांब काढा ते छप्पर कोन धरी? तुम्ही?”

“मोठं वळण पाहिजे, शेठ. मोठ्या वळणावर हलका डबाही चालतो.”

दोघं त्या खांबावरून अशा काही तावातावाने भांडले की गोणी कप्पीवर लटकत राहिली आणि खालचा हमाल वर ओरडू लागला. मी प्रसादाची साखर खाल्ली आणि डबे खोक्यात भरायला घेतले. संध्याकाळपर्यंत माळा रिकामा झाला. टेबलं टेम्पोत आली, आमच्या अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली.

घरी आल्यावर मी हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तर खुर्ची रिकामी होती. दिलीपराव बैठकीच्या मध्यभागी मोजपट्टी घेऊन उभे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजलं, मान हलवली. दिवाण ओढून पाहिला. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबले आणि आत नजर फिरवली, गॅस, फ्रीज, माझे मसाल्याचे डबे.

“बैठकीत वळण मावत नाही,” ते म्हणाले. “इकडून आत आणावी लागेल. आणि तिकडून बाहेर.”

मी कणीक मळायला घेतली होती. मळत राहिले.

“ओट्याखालून न्या,” मी म्हटलं. “गॅसच्या बाजूने नको. आणि तो सिलिंडर हलवा, पण वळण मोठं ठेवा.”